हबात करडईचं तेल

बदनापूर,
ता. ७ जानेवारी १९५६

ती. दादास उमाचा सा. न. वि. वि.

तू पुण्याहून पाठवलेली तीन गिअरची सायकल गावभर गाजली, पण काल तिनं माझी चांगलीच शोभा केली. स्टेशनाच्या चढावर पायडल गरगर फिरतंय आणि चाक मात्र ढिम्म. फलाटावरची मंडळी खदाखदा हसली. मलाही हसू आवरेना.

पण दादा, आमच्या दवाखान्यात आम्हा नर्सांतून एकीला खेड्यांवरच्या बाळंतपणांसाठी नेमायचं आहे, आणि डॉक्टरीणबाई चालती सायकल असणारीलाच पाठवणार. अण्णा म्हणतात, विकून टाक, गावातलंच काम पुरे.

चाक न फिरण्याचं कारण आज कळलं. सायकल कोरडी वाटली म्हणून आईनं मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबात, पळीभर करडईचं तेल ओतलं होतं! उपाय जल्दी कळव. वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो आणखी वाढू दे.

तुझी उमा

पुणे,
ता. ११ जानेवारी

चि. उमास जगन्नाथचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना हसून हसून वहिनीच्या हातची कपबशी फुटली. आईला सांग, ती सायकल आहे, भरली वांगी नव्हेत. खाण्याचं तेल आत चिकट होतं आणि चाकाला रेटा देणारे खटके बसून राहतात. हब खोलू मात्र नकोस, बारीक स्प्रिंगा उडतील. हबावरचं छोटं टोपण उघडून रॉकेल घाल, चाक खूप फिरव, सायकल आडवी करून घाण गळू दे. स्वच्छ रॉकेल गळेपर्यंत हेच कर. मग सायकलचं पातळ तेल चमचाभर. ग्रीस बिलकुल नको.

अण्णांशी वाद घालू नकोस. त्यांना चाक फिरवायला बसव. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा दादा

बदनापूर,
ता. १८ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

अण्णा चाक फिरवायला बसले ते जेवायलाच उठेनात. आतून खटक्यांची टिकटिक ऐकू आली तेव्हा त्यांनी आईला हाक मारून हबाला कान लावायला लावला.

तेवढ्यात सोमठाण्याहून गोजरबाईंचा निरोप आला, सून अडली आहे. मला एकटीला सोडवेना म्हणून अण्णा मागच्या कॅरिअरवर बसले. भर बाजारातून, दादा! चढ लागला तशी मी म्हटलं, उतरा. तर म्हणाले, "पहिला गिअर टाक उमे, मी उतरणार न्हाई." आणि सायकल चढली!

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. डॉक्टरीणबाईंनी कालच मला नेमलं.

परतताना अण्णा म्हणाले, आता तू मागं बस. त्यांना सायकल येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी बसले. आम्ही दोघं थेट ज्वारीत. लागलं कुणालाच नाही. मी उठून सायकल उभी केली, आणि अण्णा कणसांत उताणे पडून हसून राह्यले होते.

तुम्हा दोघांची माया अशीच असू दे.

तुझी उमा