शेरवानीतला पैलवान

प्रिय मामा,

उदगीरच्या स्टँडवर बसून लिहितेय. लातूरची गाडी यायला वेळ आहे आणि मांडीवर तुझा फोटो आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आज नागपंचमी. तालमीत माती पुजली आणि तुझा फोटो भिंतीवर लागायचा होता. लागला नाही. मीच परत घेऊन आले. आई त्यावर एकच वाक्य बोलली, मग डबासुद्धा न बोलताच हातात दिला. तुला जाऊन तीन महिने झाले, पण काही बिघडलं की आधी तुला सांगायची सवय सुटलेली नाही. आणि आज तर मी भांडून आलेय. मी! तुला खरं वाटेल का?

तू मला ‘तपासनीस’ म्हणायचास. अजून तशीच आहे. लातूरच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीवरचं नाव तीनदा वाचल्याशिवाय ती पुढे सरकवत नाही. कुलूप लावून खाली उतरते आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघते. त्यामुळे हेही क्रमानंच सांगणार.

आठवतं, सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत टिकलेच नाही? फाटक दिसलं की मी घराकडे पळत सुटायचे. आई दवाखान्यात आया, तिला रोज मला ओढत न्यायला कुठला वेळ? तू तेव्हा टीव्हीवरच्या कुस्त्यांची कंपनी सोडून कायमचा घरी आला होतास. “राहू दे गं अक्का,” तू आईला म्हणालास, “म्या शिकवतो तिला. मला तरी कुठं काम हाय?”

पहिला धडा पडण्याचा होता. अंगणात गादी टाकलीस. “हनुवटी छातीला. जीभ आत. तळहात आपट. हां, आता पड.” दुसरा धडा वाचायचा. पुस्तक नव्हतं, म्हणून कंपनीचे जुने कागद काढलेस. टीव्हीवरच्या कुस्तीत कोण जिंकणार, कोण हरणार, ते आधी हिंदीत लिहून द्यायचे ना, ते. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य होतं, ‘नवाब गिरेगा.’ पुढच्या कागदावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

“मामा, रोज तूच का रे पडतोस?”

“मला चांगलं पडता येतं म्हणून.”

मी हसले होते. तूही हसलास. किती सहज बोललास रे!

तुला नवाब करायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल? जिल्ह्यात मातीवरच्या कुस्त्या मारणारा, तालमीतल्या मातीत रोज ताक-तेल घालून ती उकरणारा आपल्या बौद्ध वाड्यातला सिद्धार्थ, आणि कंपनीच्या माणसानं एकच विचारलं, कुठला? उदगीर. निजामाचा मुलूख? मग नवाब! झालं. तू नवाब उदगीरी. हातात हुक्का दिला, ज्यातून कधी धूर निघाला नाही. आणि तुझ्या जोडीच्या पैलवानाला, देगलूरच्या रसूलभाईंना, त्याच माणसानं गदा देऊन महाबली केलं. दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती की काय!

शेरवानी आपल्या गल्लीतल्या टेलरचाचांनी शिवली. माप घेताना ते म्हणाले होते म्हणे, “सिद्धू, आमच्या सात पिढ्यांत कुणी नवाब झालं न्हाई, आन् तू झालास. आता सलाम कुणी कुणाला करायचा ते तरी सांग.”

नांदेडची कुस्ती तुझी होती. कागदावर त्या दिवशी ‘नवाब जीतेगा’ लिहिलं होतं. घरच्या लोकांसमोर महाबलीला आपटायचं, बेल्ट घ्यायचा आणि तिथून पुढे कंपनीचा मोठा पैलवान व्हायचं. मी तेव्हा रांगत होते. मला ती कुस्ती माहीत आहे फोनवरच्या व्हिडिओतून. तू रसूलभाईंना खांद्यावर उचललंस. सगळं मैदान उठून उभं राहिलं. आता धाडकन आपटायचं, पंचानं तीन मोजायचे. आणि तू थांबलास. मग त्यांना हळूच, अगदी हळूच, खाली ठेवलंस.

मैदान हसायला लागलं. मागून कुणी तरी ओरडलं, “नुरा! नुरा!” ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा म्हणतात, आणि पैलवानाला याहून घाण शिवी नाही. टीव्हीवरचं सगळं ठरलेलं असतं हे लोकांना माहीत असतंच, पण ते असं उघडं पडलेलं त्यांना खपत नाही. कागदाप्रमाणे मिळालेला बेल्ट कंपनीनं पुढच्याच आठवड्यात काढून घेतला. मग चार वर्षं प्रत्येक नव्या पोराला मोठं करायला तू पडत राहिलास. उदगीरनं ठरवून टाकलं की सिद्धूचे ऐनवेळी हात गळाले. धान्याच्या मोंढ्यात मापाड्याचं काम करायला लागलास तेव्हा हमाल विचारायचे, “काय नवाब, हुक्का कुठंय?” तू काटा बघत म्हणायचास, “धूर निघत नव्हता, सोडला.”

आता माझं ऐक. हे तुला कधीच सांगितलेलं नाही.

आठवीत एका मुलीनं मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर तो व्हिडिओ लावला. “हा तुझा मामा ना गं?” मी म्हणाले, “नाही. हा दुसराच कुणी आहे. माझे मामा मोंढ्यात मापाडी आहेत.” घरी आले आणि तू केलेली खिचडी खाल्ली, लोणचं मागून मागून. दुसरं वाक्य खरं होतं, तेवढ्यावर पहिलं खोटं धकून जातं, असं मी स्वतःला किती वर्षं पटवलं! धकत नाही, मामा. मी खूप तपासून बघितलं.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला रसूलभाई आले होते. देगलूरहून, हातात काठी, डोक्यावर टोपी. एवढा दांडगा माणूस तुझ्या फोटोसमोर लहान पोरासारखा रडला, मग जेवायला बसला आणि दोनदा भाजी मागून घेतली. जेवता जेवताच मला म्हणाले, “बेटी, तेरेकू मालूम है ना नांदेड का?”

मी म्हटलं, व्हिडिओ बघितलाय.

“व्हिडिओ में आवाज किदर है! मेरी गर्दन आखड गई थी चार दिन से. कंपनी को नै बोला, काम जाता ना. उनो मेरेकू उठाए, तब मैं कान में बोला, सिद्धूभाई, गर्दन... बस. अंडा रखते ना नीचे, वैसा रखे मेरेकू.” मग हात थांबवून म्हणाले, “बाद में बोले, किसीकू नको बोलो. तुम्हारा भी काम जाएगा.”

आई भांडी उचलायची थांबली होती. मामा, तिलाही माहीत नव्हतं!

इथं मात्र मला तुझ्यावर रागवायचंय. कंपनीत बोलला नाहीस, ठीक. पण घरी? रसूलभाईंनी कंपनी सोडली, त्यानंतर वीस वर्षं तू कुणासाठी गप्प होतास? आम्हाला सांगितलं असतंस तर मी त्या मुलीला काय काय ऐकवलं असतं! की तुला वाटलं, सांगितलं म्हणजे मोठेपणा मिरवल्यासारखं होईल? तुझ्या असल्या मोठेपणापायी मला तुझी लाज वाटली, तेही वर्षानुवर्षं. हे तुझं चुकलंच. माझं जास्त चुकलं, पण तुझंही.

आता आजची गोष्ट. हयात नसलेल्या पैलवानांचे फोटो तालमीत नागपंचमीला लावतात. तालमीचे वस्ताद स्वतःहून हो म्हणाले होते. तुला खांदा द्यायलाही ते होते, वाईट माणूस नाही. पण त्यांना हवा होता तुझा विशीतला फोटो, लंगोटावरचा, जिल्ह्यात पहिला आलास तेव्हाचा. खाली लिहायचं, ‘पैलवान सिद्धार्थ, जिल्हा विजेता’. पुढचं काही नाही. आईला तेवढ्यानंही भरून आलं होतं.

मी शेरवानीतला नेला. बायकांनी तालमीच्या मातीत पाय ठेवायचा नसतो, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. ओढणीनं सारखा घाम पुसत होते.

“हा कशाला आणलीस, पोरी? तो लंगोटातला कुठंय?”

“तोही लावा. पण हाही लावा.”

“एका माणसाला एकच खिळा. रिवाज हाय.”

“मग हा लावा. आणि खाली नवाब उदगीरी असंही लिहा.”

वस्तादांनी हाताला लागलेली हळद पुसली. “नुरा खेळणाऱ्याचा फोटो हितं लागत न्हाई. सिद्धू आमचा हाय म्हणून म्हटलं, आधीचा लावू. झाकून जातंय तर जाऊ दे ना.”

मग मी त्यांना नांदेडचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. डोळ्यांत पाणीही आलं, खोटं का बोलू? “मग तर लावूच,” ते म्हणाले, “त्याची माणुसकी बी लिहू. पण फोटो लंगोटातलाच.”

“माणूस वाचवला तो या शेरवानीतल्या नवाबानं, वस्ताद.”

“शेरवानी घालून कुस्ती खेळला का गं?”

“नाही,” म्हटलं, “शेरवानी काढलेली होती. सोनेरी चड्डीवर होता.” सगळी तालीम हसली. मीही हसले, आणि घाम पुसायचं विसरले.

वस्ताद जरा मऊ झाले. “लंगोटातला बी सिद्धूच की, बाई. त्यात काय खोटं हाय?”

“काहीच खोटं नाही. पण तो सगळ्यांना चालतो. हा कुणालाच चालत नाही, म्हणून हाच.”

मोठ्या माणसाला असं उलट बोलायला मी कधी शिकले? वस्तादांनी मान हलवली. नाही. मी फोटो उचलला आणि निघाले.

आईचं ते एक वाक्य असं, “तुझ्या हट्टापायी माझ्या भावाला भिंत मिळाली नाही.” तिचं बरोबर आहे. वाटेत मी दोनदा थांबले. परत जाऊन लंगोटातला देऊन यावा का? कदाचित तुला हेच आवडलं असतं. तुला भांडणं आवडायची नाहीत. पण मामा, तू आयुष्यभर लोकांना सांभाळून खाली ठेवलंस. मला तुला तसं खाली ठेवायचं नाहीये. तुझ्या त्या चार वर्षांत झाकण्यासारखं काहीही नाही. कंपनीला तुझ्यातून मोठा पैलवान करता आला नाही, तो तिचा पराभव. तुझ्या हातून पडलेला एकही माणूस जायबंदी झाला नाही, असं रसूलभाई शपथेवर सांगतात. ज्यांचे फोटो त्या भिंतीवर आहेत, त्यांच्यातल्या किती जणांबद्दल असं सांगता येईल?

तर मामा, शब्द देते. पुढच्या नागपंचमीला मी पुन्हा त्या उंबऱ्याशी उभी असेन, हाच फोटो घेऊन. नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या वर्षीही. घाम फुटेल, फुटू दे. सगळ्या तालमीसमोर वस्ताद विचारतील, “परत आलीस? कोण गं तू एवढी लागून गेलीस?”

तर मी म्हणेन, “नवाबाची भाची हाय मी.”

तुझी तपासनीस,
प्रज्ञा