निवडखोलीतल्या दीर्घिका

ओकाया, ६ मार्च १९७७

ती. दादास,
किनुएचा शि. सा. न. वि. वि.

आमची रेशीम गिरणी जूनअखेर बंद होणार हे आता नक्की झालं. एकोणतीस वर्षं कोष निवडले. आता मलाच निवडून बाजूला काढलं. तू लिहितोस की, आमच्याकडे राहायला ये. आभारी आहे, पण नको. वहिनींच्या स्वयंपाकघरात मी आठवडाभर गोड वाटेन, नंतर झाकणं आपटायला लागतील.

मला अंथरूण नको, काम हवं. तुमच्या वेधशाळेत फिल्म तपासायला माणूस टिकत नाही असं तूच म्हणाला होतास ना? माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी नजर आहे. शब्द टाकून बघ.

सोयात शिजवलेल्या कोषातल्या अळ्या डब्यातून पाठवल्या आहेत. वहिनी तोक्योच्या; त्यांना म्हणावं, न बघता खा.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी किनुए

वेधशाळा, १४ मार्च

चि. किनुए हिस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीने डबा उघडला आणि लगेच बंद केला. मी एकट्याने संपवला.

इगाराशी सरांशी बोललो. तपासणी खोलीचे तेच सर्वेसर्वा. तुझी ओळख मी 'रेशीम उद्योगातील ज्येष्ठ परीक्षक' अशी करून दिली. खोटं काहीच नाही. सर म्हणाले, परीक्षा घेऊ. सोबत चार फिल्म आहेत. त्यांवर आकाश पांढरं आणि दीर्घिका काळ्या दिसतील, दचकू नकोस. एकेक दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. प्रत्येकीला क्रमांक दिलेला आहे. गोल किंवा लांबट आणि गुळगुळीत असेल तर पहिला वर्ग. फिरकीसारखे हात असतील तर दुसरा. हात आहेत आणि मधून आडवी पट्टीही आहे, तर तिसरा. कशातच न बसणारी ती चौथ्यात. सरांनी स्वतः हेच काम आधी करून ठेवलं आहे; तुझी यादी त्याच्याशी ताडून बघतील. माझं नाक तुझ्या हाती आहे.

तुझा दादा, तात्सुओ

ओकाया, २ एप्रिल

ती. दादास सा. न.

यादी सोबत आहे. आमच्या निवडखोलीत खालून दिवा असलेलं काचेचं टेबल आहेच. कोषातला डाग त्यावरच दिसतो. दुपारच्या सुट्टीत फिल्म त्यावर पसरायची. सगळ्याजणी गोळा व्हायच्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या मिनेबाईंचं म्हणणं पडलं की, फिरकीवाल्या दीर्घिका नव्या पोरीने गुंडाळलेल्या रेशमासारख्या दिसतात, कुठे घट्ट, कुठे सैल. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचे कोष बघा. काम मात्र अवघड नव्हतं. सरांना आवडेल असं वाटतं.

लोभाला खंड नको.
किनुए

वेधशाळा, ११ एप्रिल

चि. किनुए हिस आशीर्वाद. आज जरा कमीच.

काय करून ठेवलंस? फिल्मवर चारशे बारा नोंदी, तुझ्या यादीत तीनशे एकोणसत्तर. एकमेकींना ओढून वेड्यावाकड्या झालेल्या जोडदीर्घिका तर एकही नाही! सरांची सारी तपश्चर्या त्या जोड्यांवर झालेली. त्यांना एकतीस सापडल्या होत्या. सर्वांसमोर त्यांनी मला विचारलं, ज्येष्ठ परीक्षकबाईंनी डोळे कधी तपासून घेतलेत का. वीस तारखेला ही जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

तात्सुओ

ओकाया, १४ एप्रिल

ती. दादास सा. न.

ओरडून झालं असेल तर ऐक. दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात, तेव्हा त्यांचे धागे गुंततात. तो कोष उलगडत नाही. म्हणून हातात आल्याबरोबर तो टेबलाखालच्या टोपलीत जातो. वहीत त्याची नोंद करायची नाही, हे मी बाविसाव्या वर्षी पहिल्याच दिवशी शिकले. तुमच्या जोड्या मला दिसल्या नाहीत असं वाटलं तुला? सगळ्या दिसल्या, सगळ्या टोपलीत टाकल्या. आमच्याकडचा गाळ तुमच्याकडे नवरदेव असतो, हे तू कुठे लिहिलं होतंस?

त्या त्रेचाळीस आहेत. एकतीस नव्हेत. यादी पाठवते आहे.

दादा, हे काम मला हवं आहे. जूननंतर रोज सकाळी उठून मी जायचं कुठे? सरांच्या हातात यादी तू स्वतः दे.

किनुए

वेधशाळा, १८ एप्रिल

चि. किनुए हिस पुन्हा पूर्ण आशीर्वाद.

सर दोन दिवस तुझी यादी फिल्मशी ताडत बसले होते. तुझ्या जास्तीच्या बारांपैकी अकरा खऱ्या निघाल्या, बारावी म्हणजे फिल्मवरचा ओरखडा. मला वाटलं, जमलं. पण त्यांनी निर्णय थांबवला आणि येत्या शनिवारी ते स्वतः तुझ्याकडे येताहेत. कशासाठी ते सांगत नाहीत. अळ्या वाढू नकोस.

तात्सुओ

ओकाया, २४ एप्रिल

ती. दादास,
किनुएचा शि. सा. न. वि. वि.

सर थेट गिरणीत आले. अळ्या दोनदा मागून घेतल्या. मग बॅगेतून एक फिल्म काढली आणि एकाच दीर्घिकेवर पेन्सिल ठेवून म्हणाले, ही कुठल्या वर्गातली?

अर्धा तास मी बघत होते. हात म्हणावेत तर हात नव्हेत. जोडी म्हणावी तर दुसरा गाभा दिसेना. चौथ्या वर्गात ढकलावी तर इतकी रेखीव की मन होईना. निवडखोलीत सगळ्यांची कामं थांबली होती. खोटं नाव ठोकून द्यावं असं एकदा मनात आलं, कारण नोकरी त्यावरच होती. पण तोंडून निघालं, "मला ठाऊक नाही."

संपलं सगळं असं वाटलं. सरांनी फिल्म पाकिटात घातली. म्हणाले, "बावीस वर्षांत जो आला त्याला ही दाखवली. प्रत्येकाने तिला काही ना काही नाव दिलं. मलाही ठाऊक नाही, बाई. एक जुलैला येता का?"

येते, असं मी म्हणाले. ते गेल्यावर मी रडले, आणि मिनेबाई मला हसल्या.

वहिनींना म्हणावं, तुमच्या घराजवळच माझ्यासाठी भाड्याची एक खोली बघून ठेवा. तुझा राग आणि माया दोन्ही असू दे.

तुझी किनुए