बाहेरून लावायची कडी

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुम्हा दोघांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहितात तितकं ठीक. यांची तब्येत बरी आहे, जेवण व्यवस्थित आहे, विसरणं थोडं वाढलंय. मी रोज दहा ते दोन शिवणाच्या दुकानात मशीनवर बसते आणि घरी येते.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. फोन वाजला की हे माझ्या कानाशी येऊन उभे राहतात, आणि मला तुमच्याशी एका खरेदीबद्दल बोलायचंय. मला हत्यारं घ्यायची आहेत. हसू नका. एक हातोडी, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडाला भोक पाडायला काहीतरी. घरच्या बारीकसारीक दुरुस्तीला पुरेल एवढंच.

तुम्ही म्हणाल, अडतीस वर्षं फिटरचा संसार केला, घरात हत्यारांची अख्खी पेटी आहे, आणि वहिनीला नवीन कशाला हवीत? पेटी यांच्या पलंगाखाली आहे आणि किल्ली यांच्या कमरेला. परवा मी पक्कड मागितली तर म्हणाले, "हत्यारं वर्कशॉपची आहेत. बाहेरच्यांना मिळणार नाहीत." मला म्हणाले. गंमत करत असतील. यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

काम एका दाराचं आहे, किरकोळ. सुतार बोलावला की तो चार घरी सांगत सुटतो, म्हणून मीच करणार. कात्री मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावर निवडीन, पण लोखंडातलं मला काही कळत नाही. तुम्ही दोघं भाऊ एकाच वर्कशॉपात वाढलात, आता तुमचं दुकानच हत्यारांचं. चांगलं हत्यार कसं ओळखायचं ते लिहा. पार्सल मात्र पाठवू नका, हे उघडतील आणि आपल्या पेटीत ठेवतील.

तुमची,
वहिनी

१९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र मिळालं. चार पानं! माझ्याशी यांचं लग्न ठरवताना तुम्ही इतकी चौकशी केली नव्हती.

सगळं पाठ करून गेले. हातोडीच्या दांड्याच्या रेषा उभ्या, शेवटपर्यंत गेलेल्या हव्यात, तशी मिळाली. पक्कड मिटून दिव्यासमोर धरली, दातांतून उजेड दिसतो का बघायला. दुकानदार म्हणाला, "मावशी, एक्स-रे काढताय का?" तीन पकडी परत केल्या, चौथी घेतली. भोक पाडायला हाताने फिरवायचं गिरमिटही घेतलं. स्क्रू ड्रायव्हर मात्र चुकला. एका मुठीत सहा टोकं बसणारा, लाल मुठीचा, बघायला छान असा उचलला. तुम्ही स्पष्ट लिहिलं होतंत की असलं खेळणं घेऊ नका, टोक स्क्रूच्या खाचेत बसवून बघा, डुगडुगलं तर परत ठेवा. तेवढं बघायला वेळ झाला नाही.

वेळ का झाला नाही तेही आता लिहिते. लपवून काय करू? मी यांना बरोबर नेलं होतं. पक्कड धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून यांचा हात सोडला. वळून बघते तर हे नाहीत. हाताला लागलं ते घेऊन धावत सुटले. तासाभराने हे वर्कशॉपच्या फाटकावर सापडले. पाळीला उशीर होतोय, आत सोड, म्हणून रखवालदाराशी भांडत होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, भाऊजी. आणि हा मोठा रस्ता ओलांडून गेले. या महिन्यातली ही तिसरी वेळ. एकदा तर मी दुकानात असताना गेले, आणि मला घरी येईपर्यंत पत्ता नव्हता.

बाहेरच्या दाराला कुलूप घालून बघितलं. यांनी बिजागरीचे स्क्रू काढून अख्खं दार भिंतीला टेकवून ठेवलं. यांच्या खोलीच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत, आतून हात लागत नाही. दहा ते दोन घरी कुणी नसतं. नोकरी सोडली तर खायचं काय? एवढं लिहिलं की पुढचं तुम्हाला कळेल.

वहिनी

६ मार्च

भाऊजी,

"वहिनी, तसलं काही करू नका, मी आलो की बघू," असं लिहिलंत. तुमचा गुडघा, तुमचं दुकान, तुम्ही कधी येणार? राग नाही. पण तुमचं पत्र यायच्या आत ते होऊन गेलं होतं.

रविवारी सकाळी हे चहा पीत बसले होते. मी शिवणाच्या खडूने यांच्या खोलीच्या दारावर बाहेरून खुणा केल्या आणि कडी लावायला घेतली. पहिला स्क्रू तिरका गेला. दुसऱ्यावर लाल मुठीचं ते टोक घसरत राहिलं आणि स्क्रूची खाच पार गुळगुळीत झाली, आत जाईना की बाहेर येईना. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

हे मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक अंगठ्यावर घासलं आणि म्हणाले, "हे भंगार तुला कुणी दिलं, गं?"

'तुला' म्हणाले, 'गं' म्हणाले. चार महिन्यांनी मी पुन्हा यांची कुणीतरी झाले.

पेटी काढली, कमरेची किल्ली लावली. बिघडलेला स्क्रू पकडीने उपटला, भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून ती बुजवली, नवीन स्क्रू सहज आत जावेत म्हणून त्यांना साबण लावला. "खोली कुणाची?" विचारलं. मी म्हटलं, "अहो, सामानाची." "मग कडी बाहेरून, बरोबर आहे," म्हणाले. थांबवायला हवं होतं ना मी? मी त्यांच्या हातात स्क्रू देत राहिले, एकेक करून.

झाल्यावर म्हणाले, "लाव. मी आतून ढकलून बघतो."

आत गेले. मी कडी लावली. यांनी खांदा लावून दार ढकललं, दोनदा, तीनदा. कडी हलली नाही. आतून हसू ऐकू आलं. "बघ! काम असं करायचं असतं." आणि मग, "उघड आता."

रविवारी उघडली. सोमवारी पावणेदहाला पाणी, खाणं, सगळं आत ठेवलं आणि कडी लावली. जिन्यापर्यंत आले तेव्हा आतून खांद्याचा आवाज आला, दोनदा. मग हे स्वतःशीच म्हणाले, "पक्की बसवलीय कुणीतरी."

तेव्हापासून रोज तसंच. दुकानाची मालकीण बाराला एकदा घरी जाऊ देते. मी आले की हे विचारतात, "तुम्ही कोण?"

पेटीला पुन्हा कुलूप आहे आणि चांगला स्क्रू ड्रायव्हर तिच्यात आहे. तुम्ही याल तेव्हा तुमच्या निवडीचा एक घेऊन या. ही कडी कधीतरी काढावी लागेल, आणि यांनी बसवलेलं काढणं माझ्या हातून व्हायचं नाही.

दाराबाहेरून,
तुमची वहिनी