पोस्टरवरचे भाऊ

प्रिय थोरल्या,

तुझ्या हातांना अजून कागद धरवत नाही, म्हणून वहिनी, हे तुम्हीच त्याला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आपल्याला भाऊ केलं ते कुस्तीच्या खेळांच्या मालकाने. तू टायर बदलणारा, मी शाळेतून पळालेला. तोंडवळ्यात काडीचं साम्य नाही, तरी त्याने दोघांना सारख्या लाल चड्ड्या शिवल्या आणि पोस्टरवर ‘थोरला-धाकटा’ छापलं. लोकांना पटलं. वर्षा-दोन वर्षांत आपल्यालाही पटलं, ही खरी गंमत.

मला त्या धंद्याची पहिल्यापासून शिसारी होती असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? आत तू मार खायचास, मी रिंगच्या दोराबाहेर हात लांब करून उभा असायचो. तू सरपटत येऊन माझ्या तळव्यावर टाळी दिलीस, की मी आत उडी घ्यायची आणि सगळं सभागृह उठून उभं राहायचं. कोण जिंकणार ते दुपारीच ठरलेलं असायचं. ती टाळी मात्र खरी होती.

तू मानेवर पडलास तेव्हाही लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं, सोंग आहे. त्यांचा मला राग नाही आला. राग आला तो गेल्या महिन्यात.

कपडे बदलायची ती खोली आठवते ना, तुंबलेल्या मोरीची? ओल्या टॉवेलांचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. तिथे मालक एका जाड्याला घेऊन आला. त्याच्या अंगावर तुझी चड्डी, गळ्यात मानेचा पट्टा. मालक म्हणाला, “आजपासून हा थोरला. लंगडत येईल, समोरचे दोघं पट्टा ओढतील, तू रडायचं.”

मी म्हटलं, “मालक, तो माणूस घरी अंथरुणावर पडून आहे.”

दात कोरत म्हणाला, “म्हणून तर लोक बघतील.”

वाटलं, लोक तरी थुंकतील. छे! पट्टा ओढला तसे खो-खो हसले. पहिल्या रांगेतला एक बाप मांडीवरच्या लेकीला मान वाकडी करून दाखवत होता. जाड्या हात पसरत माझ्याकडे सरपटत आला. मी टाळी दिली नाही. खाली उतरलो, तसाच उघडाबंब मधल्या वाटेने रस्त्यावर आलो आणि भडाभडा ओकलो. आतून “धाकटा पळाला!” असा आनंदाचा गिल्ला ऐकू येत होता. त्यांना तेही ठरलेलंच वाटलं असणार.

आता गोदामात पोती उचलतो. कुणी बघत नाही, बरं वाटतं. पण कितीही अंग घासलं तरी किळस जात नाही.

आता लिहायचं कारण. काल त्या जाड्याचा फोन आला, बिचारा रडत होता. मालकाला आता खरा थोरला हवाय. रविवारी मालक फळं घेऊन तुझ्याकडे येईल, वहिनींशी गोड गोड बोलेल. तुला चाकांच्या खुर्चीत बसवून रिंगमध्ये न्यायचं आणि सगळ्यांदेखत खुर्ची उलटवायची, असा बेत आहे. “अगदी हळू उलटवू,” म्हणेल. तू कां-कूं केलंस तर सांगेल, धाकटा तयार झालाय. माझं नाव घेतलं की तू नाही म्हणणार नाहीस, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी तयार झालेलो नाही, थोरल्या. शनिवारीच मुक्कामाला येतोय. रविवारी बेल वाजली तर वहिनींनी जागचं हलू नये. दार मी उघडेन.

तुझाच,
धाकटा