मॅग्नेटवरच्या अक्षता

तीर्थरूप कुंडलिकमामांच्या पायावर सांगवीच्या स्वप्नालीचं डोकं. हितं सगळी खुशाल हायती. मामीची शुगर अन तुमचा गुडघा कसा हाय ते कळवा. (गुडघ्याचं आधी कळवा, त्याचं कारण खाली येईल.)

मामा, मशीन माझी झाली! तुमाला ठावं हाय, आमचे मालक दीपकशेठ म्हणाले व्हते की दसरा झाला की पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीच्या मॅडम माल बघाय येणार. मी घासलेल्या लोखंडी प्लेटा पास झाल्या तर ग्राइंडिंग मशीन कायमची स्वप्नालीची, न्हायतर स्वप्नाली परत पॅकिंगला, खोकी चिकटवत. त्या डिंकाच्या वासानं मला जेवण जात नव्हतं. खंडेनवमीला तुमी एमआयडीसीत आलात, तुमच्या हातची मशीनची पूजा झाली, मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कसलं न्हातंय! दसऱ्यानंतर पहिली प्लेट घासली, तर एक कोपरा बारीक, जाडीला कमी. दुसरी घासली, तोच कोपरा. आमच्यात प्लेट चुंबकाच्या टेबलावर सपाट चिकटून बसली पायजे. वरचा घासायचा दगड बिचारा सरळच फिरतो, पण खाली बूड उचललं गेलं की तेवढा कोपरा जास्त घासतो. (परात हलली की मामीची भाकरी बिघडती, तसंच.) आमचे सुपरवायझर विजयसिंहराव, त्यांनी दगड बदलला, मशीनची लेव्हल बघितली, मग लाईटवाल्यांना शिव्या दिल्या, अन शेवटी नजर माझ्याकडं वळवली. पॅकिंगची बाई मशीनवर घातली की असंच व्हायचं, असं ते बोलले न्हाईत, पण त्यांची मिशी बोलली. माझं डोकंच सटकलं.

म्हटलं, थांबा जरा. तवर आमी प्लेटेची कापलेली बाजू भिंतीकडं ठेवत व्हतो. मी नवी प्लेट घेतली, कापलेल्या बाजूला खडूनं खूण केली, अन फिरवून ती बाजू माझ्याकडं घेतली. प्लेटच वाकडी असती तर बारीक कोपरा खुणेसंगं माझ्याकडं आला असता. आला न्हाय! भिंतीकडचाच कोपरा बारीक. म्हंजी दोष प्लेटंत न्हाय, माझ्यात तर न्हायच न्हाय, खाली टेबलावर हाय. टेबलावरनं बोट फिरवलं, तर भिंतीकडच्या कोपऱ्यात तुमचं कुंकवाचं स्वस्तिक, अन त्यात वाळून घट्ट बसलेल्या अक्षता. आता टेबल पुसल्याबिगर मी कधी प्लेट ठेवत न्हाय, पण तुमी बजावून गेलावता, कोजागरीपर्यंत पूजेला फडकं लावायचं न्हाय. म्हणून अख्खं शॉप तेवढा कोपरा सोडून पुसत व्हतं. विजयसिंहराव तर त्याला नमस्कार करून वर प्लेट ठेवत व्हते.

मग पुसायचं कुणी? शेठ छताकडं बघाय लागले, विजयसिंहरावांना एकदम फोन आला (वाजला न्हाय, पण आला), अन तेवढ्यात मॅडमची गाडी दारात. मी देवीला हात जोडले. म्हटलं, "आई, तू वर बस. हितं मला प्लेट बसवायची हाय." अक्षता धुतलेल्या रुमालात घेतल्या, मशीनच्या माथ्यावर वाहिल्या, टेबल चकाचक केलं. बिघडलेल्या प्लेटा शेठनी पायानं बाकड्याखाली सरकवल्या. मी मॅडमच्या डोळ्यादेखत नव्या घासल्या. त्यांनी चारी कोपरे मोजले, परत मोजले, अन मान डोलावली. मी तितंच रडले मामा, खोटं कशाला सांगू. विजयसिंहरावांनी स्वतः चहा आणून दिला.

मामीला नमस्कार, पोराबाळांना पापा.

तुमची भाची,
स्वप्नाली

ता. क. अक्षतांचा राग कुणालाच न्हाय. उलट शेठ म्हणत्यात, चुंबक चालू-बंद झालं, पाणी पडलं, तरी पूजा हलली न्हाय, मामांच्या हाताला गुण हाय.

आणखी ता. क. म्हणूनच पाडव्याला दुसरी मशीन येतीय, तिच्या पूजेला शेठ तुमालाच फोन करणार हायती. मामा, पाया पडते, त्या दिवशी तुमचा गुडघा दुखू द्या. बरा असला तरी दुखू द्या. पूजेला मामीला धाडा, ती नुसती फुलं वाहती. जेवायला मात्र या, पण दारातनं लंगडत या.