समालोचक काय म्हणाला

॥ श्री ॥
निडी, ता. रोहा
दि. १४ जानेवारी २०२६

चि. कमळाकर यास जनूचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझी मैनाताई बरी हाय, गुडघ्याला तेल चालू हाय. तुझ्या कारखान्यात माघी गणपतींची धावपळ असेल.

पत्र बघून हसू नको. बॉयलरवर तीस वर्षं काढून कान गेले, फोनवर काय ऐकू येत नाय. मोबाईलवर लिहिलंस तर तो मैनाच्या हातात असतो, आणि हे तिला कळायला नको.

परवाची मॅच तू बघितलीसच. लिलावात दुसऱ्या फेरीत का होईना, लीगच्या टीमने आपल्या मनस्वीला घेतलं, तेव्हापासून मी एक मॅच सोडलेली नाय. आवाज नसला तरी हॉकी कळते. ऐन पेनल्टी कॉर्नरला टीव्हीवाले प्रेक्षक दाखवतात, त्याचा राग मात्र दुप्पट येतो. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू माझ्या पोरीच्या पॅडखालून गेला आणि टीम हरली, हे मी डोळ्यांनी बघितलं. मग कॅमेरा बराच वेळ तिच्या तोंडावर थांबला. समालोचक काहीतरी बोलला असणार, कारण खोलीतली सगळी तोंडं मिटली आणि शेजारच्या साईराजने मान खाली घातली. मैनाला विचारलं, तर तिने पाटीवर लिहून दाखवलं, काय नाय, जाहिरात होती.

त्यांची यंदाची लीग त्या मॅचबरोबर संपली, मनस्वी उद्या घरी येते. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिही. जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझा
जनू

॥ श्री ॥
हमरापूर, ता. पेण
दि. १७ जानेवारी

ती. जनूभाऊजी यांस कमळाकरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. समालोचक एवढंच म्हणाला की मुलगी नवीन आहे, दडपण आलं, पुढे शिकेल. वाईट काही नाही. ताई उगाच हळवी होते. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अंगावर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मनस्वीला नीट खायला घाला. आमच्यावरची माया आहे तशी असू द्या.

आपला
कमळाकर

॥ श्री ॥
निडी
दि. २१ जानेवारी

चि. कमळाकर यास अ. उ. आ.

तू खोटं लिहिलंस. नुसता पंच चुकला तरी चार पानं लिहिणारा माणूस तू, आणि आपल्या भाचीची मॅच पाच ओळींत आटपलीस?

मनस्वी घरी आल्यापासून खिडकीत बसून असते. सगळे तिच्याभोवती पाय न वाजवता फिरतात. मी एकटाच थट्टा करतो, पुढल्या वर्षी पहिल्या मॅचला समोर कोण हाय म्हणून विचारतो, आणि ती हसते. काल माझ्या ध्यानात आलं, ती माझ्यासाठी हसते. घरात सगळ्यांना ठाऊक हाय ते बापालाच ठाऊक नाय. तिच्यावर काय पडलंय ते कळल्याशिवाय मी तिच्याजवळ बसू कसा?

खरं लिही. तरच माझा लोभ माग.

जनू

॥ श्री ॥
हमरापूर
दि. २५ जानेवारी

ती. भाऊजी यांस सा. न. वि. वि.

तो म्हणाला की ही गोलकीपर नाही, उघडं दार आहे. हिला करारात घेतलं कोणी, त्याला जाब विचारला पाहिजे. लिलावात उरलेला माल उचलला की असंच व्हायचं. जोडीचा समालोचक हसला. गोल चार वेळा फिरवून दाखवला आणि चारही वेळा ते हसले.

आता माझं ऐका. तेच मी त्याच्या आधी बोललो होतो. लिलाव झाला त्या आठवड्यात, कारखान्यात, कारागिरांसमोर. ही पोर त्या पातळीची नाही, दुसरी कोणी मिळाली नाही म्हणून घेतली, असं म्हणालो. आपल्याला हॉकी कळते हे दाखवायची खोड. टीव्हीवर जवळजवळ माझेच शब्द ऐकले तेव्हा हातातला ब्रश ठेवून अंगणात जाऊन बसलो. तुम्हाला खोटं लिहिलं ते स्वतःला झाकायला.

तुम्ही मला सख्ख्या भावासारखं वागवलंत. यापुढेही वागवा, असं कोणत्या तोंडाने लिहू?

कमळाकर

॥ श्री ॥
निडी
दि. ८ फेब्रुवारी

ती. कमळाकरमामास मनस्वीचा शि. सा. न.

बाबांनी तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि जवळ बसले. मी वाचलं. मग त्याच कागदामागे त्यांना लिहून दिलं की समालोचकाचं बोलणं मला पाठ आहे, मोबाईलवर तो तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकते. ते वाचून बाबा माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. मीही रडले. आई दारात उभी होती. त्या दिवसापासून घरात सगळे मोठ्याने बोलतात, बाबांना ऐकू येत नसलं तरी.

मामा, कारखान्यात तुम्ही काय बोललात ते तुमच्या कारागीर प्रविणने मला तेव्हाच कळवलं होतं. दिवाळीत पेणला आले नाही ती त्यामुळे; सरावाचं निमित्त सांगितलं. तुमचं खोटंही नव्हतं. लीगच्या वेगाला मी कमी पडते, हे मला रोज मैदानावर कळत होतं. पण ते तुम्ही मला सांगायचं होतंत. बाबांना तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून आज मी पत्राला बसले.

शुक्रवारी टीमची पुढल्या वर्षाची यादी आली. मला सोडलं आहे. दुसऱ्या कोणी विचारलेलं नाही. गेल्या सोमवारपासून रोह्याच्या मैदानावर जाते. बाबा समोरून चेंडू मारतात, दम लागला की खाली बसतात, पुन्हा उठतात. डाव्या बाजूचे अजून सुटतात. का सुटतात ते बाबांना सांगता येत नाही, मलाही कळत नाही.

एखाद्या रविवारी या. मैदानाच्या कडेला उभे राहा आणि काय चुकतंय ते माझ्या तोंडावर सांगा.

तुमची भाची
मनस्वी