येनाच्या खोडावरचा राखाडी पतंग

११ जुलै २०२५
प्रोजेक्टचे सर म्हणे, "शुभांगी, हा तपकिरी पतंगच आहे. म्हातारा झाला, रंग उडला. दुसरा विषय घे." फोनवर एक फोटो पाहून! रंग उडला म्हणते, पण पंखाची झालर तं शाबूत आहे ना! तपकिरी लाईटवर ढिगानं येते. माझा राखाडी एकदाबी नाई आला. येनाच्या झाडाच्या खोडाले चिकटून बसते, अन् आकारानं दीडपट. नवीन प्रजाती आहे. काहून ऐकू मी?

१२ जुलै
नाई ऐकत.

१५ जुलै
भंडाऱ्याले कॉलेजात गेली. सरांनी पुस्तक उघडलं — तपकिरीचं चित्र, खाली कोण्या इंग्रज साहेबानं शंभर वर्षांआधी केलेलं वर्णन. "तू काय याच्याहून हुशार?" सगळे हसले. रीनाबी हसली, अन् म्हणे माझी मैत्रीण! मी म्हटलं, "सर, साहेब आमच्या अड्याळले आलता का?" मंग तं आणखीनच हसले. मी त्या पानाचा फोटो काढून घेतला, मुद्दाम, त्यांच्यासमोर.

सोमवारपर्यंत विषय बदलला नाई तं प्रोजेक्टवर सही नाई. म्हणजे एम.एस्सी.चं वर्ष गेलं. भ्याली मी, खोटं कायले लिहू? पण चेहऱ्यावर नाई दाखवलं.

१९ जुलै
राखाडी जिता सापडला! आई म्हणे, "हे तं मादी हाय, पोट पाय तिचं." आईच्या माहेरी कोशाचे रेशीमकिडे पाळत, तिले कळते. मी डब्यात ठेवत होती तं आईनं हातावर चापट मारली. "डब्यात कायले घालतं? फांदीले बांध. नर येते बरोबर जंगलातून." कोशाच्या मादीले असंच धाग्यानं बांधतात त्यायच्याकडे. बांधली.

येऊ दे राखाडी नर! जोडीच नेऊन ठेवीन सरांच्या टेबलावर.

२० जुलै
सकाळी पाहिलं तं जोडी लागलेली. नर — तपकिरी!

म्हणजे प्रजाती एकच. सर बरोबर निघाले. इतकं साधं माझ्या डोक्यात कसं नाई आलं! लय रडली. आई म्हणे, "लग्न लागलं तिचं, तू कायले रडतं?"

मंग पुस्तकाच्या पानाचा फोटो मोठा करून वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. साहेबाचे सगळे नमुने लाईटवर आलेले. सगळे नर. शेवटी लिहून आहे — मादी अज्ञात.

विषय नाई बदलत, सर. ती माझ्या अंगणात अंडी घालून राहिली.